एकक चुकलं तर?

मुलांनो, गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर येते, पण पुढे 'सेंमी' किंवा 'ग्रॅम' लिहायचे राहते आणि बाई अर्धा गुण कापतात. किती राग येतो, नाही? 'आकडा तर बरोबर आहे ना!' असे आपण मनातल्या मनात पुटपुटतो. आज अशाच एका एककाच्या घोटाळ्याची गोष्ट सांगतो. यात गुण गेले नाहीत, माणसे आजारी पडली आणि काहींना रुग्णालयात न्यावे लागले.

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांविषयी हल्ली मोठ्यांच्या गप्पांत तुम्ही ऐकले असेल. त्यांतल्या एका औषधाचे नाव आहे सेमाग्लुटाइड. नाव जिभेला जड, पण काम समजायला सोपे. आपण जेवलो, की आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक रक्तात येते. ते मेंदूला कळवते, 'पोट भरलं, आता पुरे!' आणि जठराला सांगते, 'जरा सावकाश.' हा निरोप्या मोठा अल्पायुषी. दोन-तीन मिनिटांतच तो निम्मा नाहीसा होतो. शास्त्रज्ञांनी त्याच्यासारखाच, पण चिवट रेणू तयार केला. सेमाग्लुटाइडचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला सुमारे एक आठवडा लागतो. म्हणून हे इंजेक्शन आठवड्यातून एकदाच घ्यायचे. (अशा औषधांच्या शोधात एका सरड्याचाही वाटा आहे, बरं का! हिला मॉन्स्टर नावाच्या विषारी अमेरिकन सरड्याच्या लाळेत असाच टिकाऊ पदार्थ सापडला आणि त्यावरून या घराण्यातले पहिले औषध २००५ मध्ये बाजारात आले.)

सेमाग्लुटाइडला अमेरिकेत २०१७ मध्ये मधुमेहासाठी आणि २०२१ मध्ये वजनासाठी परवानगी मिळाली. मग मागणी एवढी वाढली, की औषधाचा तुटवडा पडला. तेव्हा तिथली काही औषधालये स्वतःच हे औषध तयार करून बाटलीतून देऊ लागली. कंपनीचे औषध पेनमधून येते. त्यात मात्रा आधीच ठरलेली असते. बाटलीतले औषध मात्र सिरिंजने मोजून घ्यावे लागते. लोकांच्या हाती आल्या इन्शुलिनच्या सिरिंजा. त्यांच्यावर खुणा असतात त्या 'युनिट'च्या, मिलिग्रॅमच्या नव्हेत. १०० युनिट म्हणजे १ मिलिलिटर.

आता कच्ची वही घ्या पाहू. बाटलीतल्या १ मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध आहे. द्यायचे आहे ०.२५ मिलिग्रॅम. तर किती युनिट घ्यायचे? ०.२५ ला ५ ने भागा. ०.०५ मिलिलिटर, म्हणजे ५ युनिट. आलं उत्तर? एका ठिकाणी मात्र औषध लिहून देणाऱ्याने ५ ऐवजी २५ युनिट लिहिले आणि रुग्णाच्या शरीरात पाचपट औषध गेले! मिलिग्रॅमच्या जागी चुकून मिलिलिटर धरले तरी नेमके हेच उत्तर येते, करून बघा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये या चुकांबद्दल इशारा दिला. काही रुग्णांनी तर स्वतःच पाच ते वीसपट औषध ओढून घेतले होते.

मग काय होते? जोराची मळमळ, उलट्यांवर उलट्या, भोवळ, अंगातले पाणी कमी होणे. कधी स्वादुपिंडाला सूज येते, पित्ताशयात खडे होतात. उलटी झाली म्हणून औषध बाहेर पडत नाही, कारण ते पोटात नसून रक्तात असते. आठवडाभर टिकणे हा त्याचा गुण, पण मात्रा चुकली की तोच गुण छळतो.

मात्रा अगदी बरोबर असली तरी त्रास होतोच असे नाही, पण पुष्कळांना होतो. १२ ते १७ वर्षांच्या २०१ मुलामुलींवर ६८ आठवडे केलेली एक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. औषधाने वजन चांगलेच उतरले. मात्र औषध घेणाऱ्यांपैकी ६२ टक्के मुलांना पोटाचे त्रास झाले. नुसते खोटे इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण ४२ टक्के होते. औषध घेणाऱ्या पाच जणांना पित्ताचे खडे झाले, दुसऱ्या गटात एकालाही नाही. मोठ्या माणसांच्या दुसऱ्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले.

म्हणजे औषध वाईट का? मुळीच नाही. लठ्ठपणा हा आजार आहे, आळशीपणा नव्हे. वर्गातल्या कुणाला 'जाड्या' म्हणून चिडवणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावे. ज्यांना खरी गरज आहे त्यांना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, या औषधाचा मोठा फायदा होतो. आपल्या देशातही सेमाग्लुटाइडचे वजनासाठीचे इंजेक्शन जून २०२५ पासून मिळू लागले आहे, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच.

आईबाबांसाठी दोन शब्द. ओळखीतून, जिममधून किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीतून 'स्वस्तात' मिळणारे इंजेक्शन घेऊ नका. ऑस्ट्रियात ऑक्टोबर २०२३ मध्ये बनावट इंजेक्शने घेतलेल्या काही जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांच्या रक्तातली साखर एकदम उतरली होती, झटके आले होते. सेमाग्लुटाइडच्या नावाखाली आत बहुधा इन्शुलिन भरलेले असावे, असा तिथल्या औषध नियंत्रकांनी निष्कर्ष काढला. घरात कुणाला थायरॉइडचा 'मेड्युलरी' प्रकारचा कर्करोग झाला असेल, तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा. उंदरांवरच्या प्रयोगांत थायरॉइडच्या गाठी दिसल्या होत्या, म्हणून ही काळजी.

आणि मुलांनो, घरात कुणी हे इंजेक्शन घेत असेल, तर फ्रीजमधल्या पेनशी खेळू नका. त्या व्यक्तीला उलट्या थांबत नसतील, घोटभर पाणीही टिकत नसेल, किंवा पोटातली कळ पाठीपर्यंत जात असेल, तर लगेच मोठ्या माणसांना हाक मारा. डॉक्टरांकडे निघताना पेन किंवा बाटली, सिरिंज आणि औषधाची चिठ्ठी बरोबर घ्यायची आठवण त्यांना तुम्हीच करा.