काळे आधी की कावळे?

एप्रिलमध्ये एका कॉलेजात बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट तपासायला एक्स्टर्नल म्हणून गेलो होतो. टेबलावर ब्लॅक बुकांची चळत होती. काळा जाड पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरे, आत प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, ईआर डायग्रॅम, डीएफडी. दुपारी जेवणानंतर जे पुस्तक हाती आले त्यावर लिहिले होते ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’. हा विषय आपल्यापैकी प्रत्येकाने इतक्या वेळा तपासला आहे, की पान न उलटता आत काय असेल ते सांगता यावे. मी पुस्तक बाजूला ठेवले आणि मुलीला म्हटले, “चालवून दाखव.”

तिने गावच्या वाचनालयाच्या सभासदांची यादी मराठीत भरली होती. आडनावाप्रमाणे लावायचे बटण दाबले आणि पडद्यावर नावे आली: काळे, कावळे, कासार. मी विचारले, “हा क्रम बरोबर आहे?” ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग ओठातल्या ओठात य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ असे म्हणत गेली आणि एकदम थांबली. “सर, ळ ह च्या नंतर येतो. काळे शेवटी पाहिजे.” मग कॉम्प्युटरने ते पहिले का टाकले? “माहीत नाही सर. बघू?”

तिने पायथनची खिडकी उघडली आणि एकेका अक्षराचा युनिकोड नंबर छापून पाहिला. ल चा 2354, ळ चा 2355, व चा 2357, ह चा 2361. कारण समोर आले. युनिकोडच्या तक्त्यात ळ ला ल शेजारी बसवले आहे आणि एसक्यूलाइट, वेगळे काही सांगितले नसेल तर, याच नंबरांवरून क्रम लावतो. आपल्या वर्णमालेशी त्याचा संबंध नाही. तिने तुलनेपुरता ळ ला ह च्या पुढचा नंबर देणारे छोटे फंक्शन लिहिले. पहिल्या वेळी चुकले, दुसऱ्या वेळी यादी आली: कावळे, कासार, काळे. भाषेनुसार क्रम लावण्याचे याहून पक्के मार्ग आहेत, कोलेशनचे नियम आहेत, ते तिने पुढे शिकावेतच. पण त्या वीस मिनिटांत ही मुलगी काय जाणते आणि अडल्यावर काय करते, ते मला स्वच्छ दिसले. ब्लॅक बुकात यातले काहीच नव्हते. गुणपत्रिकेत या वीस मिनिटांसाठी रकानाही नव्हता. प्रेझेंटेशन, डॉक्युमेंटेशन, व्हायवा यांतच ते कुठेतरी बसवावे लागले.

नव्या वर्षाच्या तोंडावर हे लिहितो आहे, कारण हा रकाना आपणच तयार करू शकतो असे मला मनापासून वाटते.

पहिल्या वर्षापासून सुरुवात करू. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम आपण सगळेच करून घेतो. साठ मुलांच्या साठ जर्नलांत इनपुट 5, आउटपुट 120. सही, शिक्का, सर्टिफाइड. यात मूल काय शिकले? पुढच्या प्रॅक्टिकलला त्यांना फक्त एवढे सांगा: 13 देऊन बघा. साध्या इंटवर आजच्या कंपायलरवर सहसा उत्तर येते 1932053504. खरे उत्तर आहे 6227020800. आलेला आकडा मोठा आहे, उण्या चिन्हाचा नाही, दिसायला अगदी खरा आहे, म्हणून वर्गातली बहुतेक मुले ते जर्नलमध्ये उतरवायला लागतात. तिथे त्यांना थांबवायचे. 12 चे उत्तर आणि 13 चे उत्तर कागदावर भागून बघायला लावायचे. भागाकार 13 येत नाही हे ज्या मुलाने स्वतः पाहिले, त्याला 32 बिट म्हणजे काय हे पुन्हा शिकवावे लागत नाही. ज्या लॅबमध्ये अजून टर्बो सी++ ची निळी खिडकी उघडते, तिथे इंट 16 बिटांचा असल्याने 8 लाच उणे 25216 येते आणि चूक लगेच डोळ्यात भरते. (तो कंपायलर मात्र आता बंद करावा. सी++ चे पहिले प्रमाण 1998 चे, तो त्याच्याही आधीचा. त्याच्यावर शिकलेला मुलगा मुलाखतीत व्हॉइड मेन आणि क्लियर-स्क्रीन लिहून येतो, आणि दोष त्याचा नसतो.)

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले आणि जर्नलचा उरलासुरला अर्थही गेला. प्रश्न तसाच्या तसा टाकला की कॉमेंटसह प्रोग्रॅम हातात येतो. मोबाइल काढून घेणे, प्रोग्रॅम हाताने लिहून आणायला लावणे असे उपाय आपल्या काही सहकाऱ्यांनी केले. त्यामागची तळमळ मला कळते, पण हाताने उतरवले म्हणून समजले असे होत नाही, हे आपण जर्नलच्या काळातच पाहिले आहे. मला वाटते प्रश्नच बदलला पाहिजे. ‘प्रोग्रॅम लिहा’ याऐवजी ‘हा प्रोग्रॅम चुकतो आहे, का ते शोधा आणि माझ्यासमोर दुरुस्त करा’. नोकरीतही मुले पहिली दोन वर्षे दुसऱ्यांनी लिहिलेलाच कोड वाचत आणि दुरुस्त करत असतात.

प्रोजेक्टचेही तसेच. ब्लॅक बुक एका रात्रीत तयार होते. कॉलेजशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे मागच्या वर्षीची फाइल असते, नाव बदलले की झाले. गिटचा इतिहास असा एका रात्रीत सहज उभा राहत नाही. तारखा मागेपुढे करता येतात हे मला माहीत आहे. पण गाइडने महिन्यातून एकदा मुलाच्या शेजारी बसून ‘या आठवड्यात हे का बदललेस?’ एवढे विचारले, तर खोटा इतिहास दुसऱ्याच महिन्यात उघडा पडतो.

यावर येणारे उत्तर मला ठाऊक आहे, कारण मीही ते अनेक वर्षे दिले आहे: वेळ कुठे आहे? साठ मुले, एक दिवस, सात तास, म्हणजे एकाला सात मिनिटे. त्यात आपले अनेक सहकारी विनाअनुदानित तुकड्यांवर तासिका तत्त्वावर राबतात, आणि गाइडच्या कामाचा मोबदला नगण्य असतो. ही तक्रार खरी आहे आणि संस्थांनी ती ऐकली पाहिजे. हा अंक प्राचार्यांच्या टेबलावरही जातो, म्हणून स्पष्ट लिहितो: महिन्याकाठी प्रत्येक मुलामागे गाइडचा अर्धा तास वर्कलोडमध्ये धरा. तो धरला नाही, तर वर लिहिलेले सगळे हवेत राहील.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात आपल्या राज्यात तीन वर्षांच्या पदवीला 132 क्रेडिट आहेत. त्यात ओजेटी आणि फील्ड प्रोजेक्ट आले आहेत. ओळखीच्या कंपनीच्या लेटरहेडवरचे प्रमाणपत्र आणून ते भरून निघतील, हा धोका मला मोठा वाटतो. उलट खरे फील्ड आपल्या दाराशी आहे. ग्रामपंचायत, पतपेढी, दूध संस्था, कॉलेजचे स्वतःचे ग्रंथालय. या ठिकाणच्या माणसांना आपल्या याद्या, नावे, पावत्या मराठीत हव्या असतात आणि तयार सॉफ्टवेअर तिथेच अडखळते. मुलांनी तिथे चार दिवस बसून नुसते पाहिले, तरी प्रोजेक्टचा विषय इंटरनेटवर शोधावा लागणार नाही.

ऑगस्टपासून या मासिकात एक पान ‘चुकलेल्या प्रोग्रॅम’साठी राखून ठेवत आहोत. आपल्या लॅबमध्ये ज्या चुकीने मुलांना खरेच विचार करायला लावले, ती प्रोग्रॅमसकट पाठवा. कोणत्या भाषेतला आहे याची अट नाही. मुलांनी आधी काय ओळखले आणि कुठे फसले, तेही दोन ओळींत लिहा.

त्या मुलीच्या यादीतली तीन नावे तर नीट लागली होती. ती लॅपटॉप बंद करून निघाली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, “सर, मग क्षीरसागर कुठे जाणार? नंबरांनी तो क मध्येच येतोय.” मी म्हटले, वाचनालयाच्या जुन्या रजिस्टरमध्ये कुठे आहे ते बघ. “तिथे क्ष ला वेगळं पान आहे सर, सगळ्यात शेवटी,” ती म्हणाली, आणि दारातच बॅग खाली ठेवून तिने लॅपटॉप पुन्हा उघडला.