दुपारची साखर

फेब्रुवारी उजाडला की नाशिकच्या ओपीडीत एक प्रश्न ठरलेला: ‘डॉक्टर, द्राक्षं चालतील का?’ उत्तर आपण सवयीने देऊन टाकतो. ती साखर पांढऱ्या पेशीत जाऊन काय करते, हे मात्र पहिल्या वर्षाच्या बायोकेमिस्ट्रीतच राहून गेलं.

जंतूची चाहूल लागली की मॅक्रोफेज ऑक्सिजन असतानाही ग्लायकोलिसिसवर येते. वॉरबर्ग यांनी १९२०च्या दशकात कर्कपेशींत पाहिली ती हीच तऱ्हा. क्रेब्स चक्र अडखळतं, सक्सिनेट साठतं, त्याने एचआयएफ-१ अल्फा टिकून राहतो आणि आयएल-१ बीटा वाढतो. डब्लिनच्या ल्यूक ओ’नील यांच्या गटाने २०१३मध्ये हे दाखवलं. ग्लायकोलिसिस रोखणाऱ्या टू-डीजीने तो आयएल-१ बीटा उतरलाही. कोविडच्या साथीत, मे २०२१मध्ये, डीआरडीओच्या पुड्यांतून आपल्याकडे आलं ते हेच टू-डीजी.

न्यूट्रोफिलची गोष्ट वेगळी. जंतू मारायला तिला एनएडीपीएच लागतं, आणि रक्तात साखर फार झाली की अल्डोज रिडक्टेजच ते खाऊन टाकतं. म्हणजे दाह चढा, मारा दुबळा. ‘साखरेने सूज वाढते’ एवढं रुग्णाला सांगून भागेल, आपल्याला भागत नाही.

याच २०२१ने ते शिकवलं. डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, तेही ऑक्सिजन लागणाऱ्यालाच, असं रिकव्हरी चाचणी सांगत होती. प्रत्यक्षात ते घरोघरी गेलं, लवकर गेलं, जास्त गेलं. दाह उतरला, साखर चढली, न्यूट्रोफिल थकल्या आणि म्युकरला रान मोकळं मिळालं. ह्युमिडिफायरच्या पाण्यावर नि मास्कवर आपण बरीच चर्चा केली. ग्लुकोमीटर मात्र बऱ्याच ठिकाणी पिशवीतच राहिला.

साथ सरली, प्रेडनिसोलोन सरलेलं नाही. दम्याला, सांध्यांना, अंगावरच्या पुरळाला आपण ते लिहितोच, आणि तपासणी लिहितो उपाशीपोटीची. सकाळच्या गोळीने साखर चढते ती दुपारी नि संध्याकाळी. पहाटेपर्यंत ती बहुधा उतरलेली असते. रिपोर्ट नॉर्मल पाहून रुग्ण खूश, आपणही निर्धास्त. दहा दिवसांच्या कोर्सला एचबीए१सीचाही उपयोग नाही.

निफाडकडचा शेतकरी उपाशीपोटी रक्त द्यायला पहिली एसटी धरून येतो. स्टिरॉइड चालू असेल तर त्याला सांगावं: दादा, जेवून या, दुपारी या.