गिऱ्हाईक काय म्हणेल?

मागच्या वर्षी घटस्थापनेला मी जामखेडच्या एका सुपर शॉपीत बिलिंग काउंटरला उभी राहिले, ती भाऊबीजेला बसले. मधे फक्त जेवणाची वीस मिनिटं बसायला मिळायची, तीही मागच्या खोलीत तेलाच्या डब्यावर. बाकी सकाळी नऊ ते रात्री नऊ उभं.

मास कम्युनिकेशनची डिग्री झाली होती. इंटर्नशिपचे मेल टाकून झाले होते, उत्तरं येत नव्हती. आईनंच दुकानात शब्द टाकला. सणाचे दिवस, गर्दी असते, महिनाभर पोरगी पाहिजेच असते. मलाही वाटलं, त्यात काय, माल उचलायचा, टीं करायचं, पिशवीत टाकायचा. पहिल्या रात्री घरी आल्यावर सँडलचा पट्टा निघेना, पाय इतके सुजले होते.

आमच्या दुकानात आम्ही सात जण. काउंटरला तीन मुली, गोडाऊनला दोन पोरं, डाळी-कडधान्याचं पॅकिंग करणाऱ्या एक मावशी आणि दारात पिशव्या सांभाळणारे एक काका. हा सातचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी लागले त्याच दिवशी, २२ सप्टेंबर २०२५ ला, जीएसटीचे नवे दर आले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ वर. टीव्हीवर दिवसभर तेच. दुकानात मात्र जुना माल, त्यावर जुनी छापील किंमत, आणि कॉम्प्युटरमध्ये काही वस्तूंचे दर बदललेले, काहींचे राहिलेले. दर बदलायचा पासवर्ड मालकाकडे. मालक दुपारी जेवायला घरी. आणि समोर उभं गिऱ्हाईक म्हणतंय, "सरकारनं कमी केलं आन् तू कोन गं जास्त घेनारी?" काय सांगणार? मी ती अख्खी यादी वाचलेली होती. कुठल्या वस्तूवर किती टक्के कमी झाले हे मला त्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त माहीत होतं. पण माझ्या हातात फक्त स्कॅनर होता. काउंटरवरच्या मुलीची खरी नोकरी हीच असते. दर ती ठरवत नाही, ऑफर ती लावत नाही, माल ती भरत नाही. बोलणी मात्र सगळ्यांच्या वाटची तिनं खायची.

गिऱ्हाईक चुकीचंच असतं असं मी म्हणणार नाही. सुट्टे नसले की चॉकलेट द्यायचं, हा आमच्याकडे नियमच होता. एका आजोबांनी अशी साठवलेली सहा चॉकलेटं एक दिवस माझ्यासमोर ओतली आणि तीन काडेपेट्या उचलल्या. "तुमी देता तवा पैसा, आमी देतो तवा गोळ्या व्हय?" बरोबर होतं त्यांचं. मी चॉकलेटं घेतली आणि सहा रुपये माझे टाकले. त्या दिवसापासून मी घरून एक-एक रुपयाची नाणी घेऊन जायला लागले.

पुण्यात शिकत असताना मॉलमधल्या कॅशियरच्या तोंडाकडे मी स्वतः कधी बघितलं नव्हतं. कानात हेडफोन, फोन पुढे करायचा, पेमेंट झालं की निघायचं. जामखेडमध्ये उलटं. इथं माल नंतर, आधी तोंड बघतात. "कुनाची गं तू?" मग आडनाव, मग गल्ली, मग "तुझा बाप तर माझ्यासंगं शाळेत होता." आणि मग, "एवढं शिकून इथं?" मला शाळेत शिकवलेले एक सर आले, मला बघून मोठ्यानं म्हणाले, "अगं, तू तर पत्रकार होणार होतीस ना?" रांगेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. नेमका तेव्हाच बिस्किटाचा बारकोड वाचेना. हातानं तेरा आकडे टाकायचे असतात, पहिले तीन जवळपास नेहमी ८९०, ते बोटांना पाठ झालेले. उरलेले दहा मी तीनदा चुकले.

पण मला सांगायचंय ते एका मावशींबद्दल.

आमच्या भागात दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीला जाणाऱ्यांची खरेदी असते. त्या वर्षीचा गाळप हंगाम १ नोव्हेंबरपासून होता, म्हणजे निघायची तयारी दिवाळीतच. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यातून चार-पाच महिन्यांचं सामान भरायचं. एक नवरा-बायको आले. तेलाचा डबा, साखर, चहा पावडर, मीठ, धुण्याचे साबण, बॅटरीचे सेल, डोकेदुखीच्या गोळ्या. मावशी एकेक वस्तू काउंटरवर ठेवायच्या आणि प्रत्येक वस्तूनंतर विचारायच्या, "आता किती झालं?" मी आकडा सांगायचा. त्या थांबायच्या, मनात काहीतरी मोजायच्या, मग पुढची वस्तू. बाजाराचा दिवस, मागे दारापर्यंत रांग. कडक इस्त्रीतला एक माणूस ओरडला, "ओ बाई, घरून हिशोब करून येत जावा की." आणि मीही, हे लिहिताना बरं वाटत नाही, पण मीही म्हटलं, "मावशी, जरा पटापट."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. म्हणाल्या, "व्हय गं पोरी. तू बी दमली आसशील. दिसभर हुबीच हायस. टेक की जरा, मी पैशे मोजस्तवर."

टेकायला काही नव्हतं. त्यांनी काउंटरच्या मागे वाकून बघितलं, स्टूल-बिल दिसतंय का ते. मग बिस्किटाचे दोन पुडे बाजूला काढले, पैसे दिले आणि गेल्या. महिनाभरात माझ्या काउंटरवरून किती माणसं गेली असतील, देव जाणे. मी उभी आहे, हे त्यांतल्या एकीला दिसलं. आणि ती पुढचे चार-पाच महिने वाकून ऊस तोडणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी नव्हती तेव्हा, मी दुधाच्या पिशव्यांचा रिकामा क्रेट उलटा केला आणि त्यावर बसले. बिलं बसूनही होत होती. स्कॅनर हातात, ड्रॉवर समोर, काही अडत नव्हतं. मालक आले. माणूस वाईट नाही, पगार वेळेवर देतात, माझ्या शेजारच्या ताईला मुलाच्या आजारपणात उचलही दिली होती. पण क्रेट बघून म्हणाले, "ऊठ ऊठ. गिऱ्हाईक काय म्हणेल?"

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. खरंच, काय म्हणेल?

गंमत अशी की हेच मालक सांगतात, त्यांचे वडील पेठेत गादीवर बसून धंदा करायचे. पांढरी गादी, लोड, पुढ्यात गल्ला, हाताशी तराजू. गिऱ्हाईक उभं आणि दुकानदार बसलेला. शंभर वर्षं महाराष्ट्रातल्या प्रत्येक पेठेत किराणा असाच विकला गेला आणि कुणाला त्यात अपमान वाटला नाही. आजही मालकांची फिरती खुर्ची लक्ष्मीच्या फोटोखाली आहेच. म्हणजे दुकानात बसणं उद्धटपणाचं कधीपासून झालं? काउंटरमागे मालकाच्या जागी पगारी मुलगी आली तेव्हापासून. गादीवरचा माणूस बसला तर तो व्यापारी, क्रेटवरची मुलगी बसली तर ती कामचुकार.

जर्मनीतून जगभर गेलेल्या आल्डीच्या दुकानांत कॅशियर बसूनच बिलं करतात. तिथं रांगा हळू सरकतात असं कुणी म्हणत नाही, उलट त्यांच्या वेगाचे व्हिडिओ फिरतात. पण इतक्या लांब जायची गरज नाही. केरळमध्ये कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी यासाठी लढा दिला. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र केलं. आधी मागणी होती स्वच्छतागृहाची, मग बसायच्या हक्काची. २०१८ मध्ये केरळनं दुकानांच्या कायद्यात बदल करून बसायची सोय बंधनकारक केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनं तेच केलं.

स्वच्छतागृहाचं वाचलं तेव्हा मला हसू आलं, कडवट. आम्ही तिघी दुपारपर्यंत पाणीच प्यायचो नाही. कारण कुठल्याही मुलीला विचारा, ती सांगेल. मुलग्यांना कदाचित समजावून सांगावं लागेल.

कारखान्यात उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय असावी, हे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नव्या कामगार संहितेतही उभ्यानं काम करणाऱ्यांच्या बसण्याचा उल्लेख आहे. वाचून मी खूश झाले आणि मग व्याख्येपाशी अडले. आस्थापना म्हणजे १० किंवा जास्त कामगार. महाराष्ट्राचा दुकानांचा २०१७ चा कायदा, ज्यात कामाचे तास आणि मधली सुट्टी येते, तोही १० कामगारांपासूनच पूर्ण लागू व्हायचा. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तो आकडा २० वर न्यायचं ठरवलं आणि दिवसाचे तास ९ वरून १० केले.

आम्ही सात. जामखेड, कर्जत, आष्टी, पाटोदा, कुठल्याही तालुक्याच्या गावातली दुकानं मोजा, बहुतेक सहा-सात-आठातच बसतील. मोठ्या मॉलमधल्या मुलीसाठी निदान कलम तरी आहे. आमच्या ताईसाठी तेही नाही. ती सहा वर्षं त्या काउंटरला आहे, पिंढरीवर शिरा फुगून निळ्या झाल्यात, साडी नेसते म्हणून दिसत नाहीत. तिला मी कायद्याचं सगळं सांगितलं तर म्हणाली, "तुझं बरंय, तू जाशील. मी स्टूल मागितलं आन् त्यांनी दुसरी आनली तर?"

म्हणून माझं म्हणणं सरकारकडे नंतर, आधी तुमच्याकडे आहे. मालक घाबरतो तो लेबर इन्स्पेक्टरला नाही, तुम्हाला. "गिऱ्हाईक काय म्हणेल" या तीन शब्दांवर अख्खं दुकान उभं आहे, अगदी शब्दशः. गिऱ्हाइकानं अजून काही म्हटलेलंच नाही. कुणी मालकाला जाऊन सांगितलंय का, की तुमची मुलगी बसली म्हणून मी दुसऱ्या दुकानात जातो? बारा तासांनंतर बिल चुकतं, सुट्टे चुकतात, आवाज चढतो, तेव्हा "पोरींना बोलायची पद्धत नाही" एवढं मात्र आपण लगेच म्हणतो. मीही महिन्याच्या शेवटी तशीच बोलायला लागले होते. सहाच्या पुढे माझ्या आवाजात काहीतरी बदलायचं, ते मलाच ऐकू यायचं.

जास्त काही करायचं नाहीये. मोर्चा नको, पोस्ट नको. पुढच्या वेळी किराणा भरताना काउंटरच्या मागे डोकावून बघा. स्टूल नसेल तर मालकाला विचारा, मुलीला नको. मुलीला विचारलं तर ती "सवय आहे" म्हणेल, आम्ही सगळ्या तेच म्हणायचो.

मागच्या आठवड्यात सुट्टीला घरी गेले तेव्हा त्याच दुकानात गेले, पिशवी घेऊन, रांगेत उभी राहून. ताईनं बिल केलं, उभ्यानंच. मग मी मालकांच्या खुर्चीपाशी गेले. म्हटलं, "शेठ, ताईंना एक स्टूल द्या की. गिऱ्हाईक म्हणून सांगतेय." ते हसले. "आता तू गिऱ्हाईक झालीस व्हय?" म्हणाले. मग ताईकडे बघितलं, मग म्हणाले, "बघू."

ताईला काल फोन केला होता. स्टूल अजून आलेलं नाही. येत्या बाजाराला आई किराणा भरायला जाणार आहे, तिलाही सांगून ठेवलंय. आणि शेजारच्या काकूंनाही.