दुपट्यातले चोवीस तास

घरात बाळ येणार म्हटले की आजी क्रोशाची सुई शोधू लागते. मधोमध साखळीचे कडे, त्याभोवती तीन-तीन खांबांचे गट, चार कोपऱ्यांना साखळ्या, झाला चौकोन! त्यावर ससा नाही तर हत्ती. डोळे मात्र दोऱ्याचेच. बटण तुटून बाळाच्या तोंडात जायला नको. सहा ओळी, प्रत्येकीत आठ, म्हणजे ४८ चौकोन. एकाला अर्धा तास धरला तरी २४ तास झाले. जोडणी वेगळीच.

स्वेटर यंत्रावर विणता येतो. असा चौकोन विणणारे यंत्र बाजारात नाही. म्हणजे दुकानातले स्वस्त दुपटेही कुणा बाईच्या बोटांनीच विणलेले असते. आंध्रातील नरसापूरच्या क्रोशाकाम करणाऱ्या स्त्रियांवर मारिया मीस यांचे पुस्तक १९८२ मध्ये आले. परदेशी जाणारी लेस विणणाऱ्या या बायका कामगार नव्हे, ‘गृहिणी’ गणल्या जात आणि मजुरी अगदीच तुटपुंजी मिळे.

आपल्या घरी तरी वेगळे काय? आजीच्या विणकामाला आपण ‘विरंगुळा’ म्हणतो आणि मोकळे होतो. दुपटे विकत घेताना घासाघीस करण्यापूर्वी चौकोन मोजावेत. आजीने दिले असेल तर तेही मोजावेत, आणि तिला तसे सांगावे.