अस्सल आवाजाची राखण

घरच्या घरी केलेल्या ध्वनिमुद्रणात काही दोष राहिला, तरी तो मागाहून संगणकावरील सॉफ्टवेअरने काढून टाकता येईल, अशी एक समजूत अलीकडे फार बळावली आहे. आणि रियाझाची नोंद ठेवणारा गायनाचा विद्यार्थी, आजीच्या तोंडच्या ओव्या जपू पाहणारी नात, मुलांसाठी कथावाचन करणारा शिक्षक किंवा परदेशात राहून पुण्यातील गुरूंकडे शिकणारी शिष्या, यांपैकी कोणाच्याही श्रमांचे जे नुकसान होते त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच समजूत असते, असे माझे स्पष्ट मत आहे. सॉफ्टवेअर ध्वनीवर संस्कार करील, त्याची छाटणी व जुळणी करील. परंतु जो ध्वनी मायक्रोफोनपर्यंत पोचलाच नाही, किंवा पोचतापोचताच विद्रूप झाला, तो मूळ स्वरूपात परत आणून देणे त्याच्या अखत्यारीतले काम नव्हे. ध्वनिमुद्रणाचे बरेवाईट बव्हंशी मुद्रणाची कळ दाबण्यापूर्वीच ठरलेले असते, आणि त्या पूर्वतयारीची आज जी हयगय चाललेली दिसते तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला अगत्याचे वाटते.

साधनांच्या अभावाची सबब आता पुढे करता येण्यासारखी नाही. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेडरिक गायस्बर्ग कलकत्त्यास आला, तेव्हा गायकाला एका कर्ण्यात तोंड घालून उंच स्वरात गावे लागे, सुमारे तीन मिनिटांत राग संपवावा लागे, आणि मेणावर उमटलेली ती नोंद तबकड्या काढण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हरला रवाना करावी लागे. आज ऑडॅसिटीसारखे सॉफ्टवेअर, ज्याचा आरंभ १९९९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक माझोनी व रॉजर डॅनेनबर्ग यांनी केला आणि जे २००० पासून सर्वांना विनामूल्य खुले आहे, ते कोणाही विद्यार्थ्याच्या संगणकावर बसते, आणि त्यास जोडावयाचा चांगला मायक्रोफोन काही हजार रुपयांत मिळतो. इतके असूनही घरोघरच्या फोनांत साठलेले आप्तांचे आवाज ऐकावेत, तर त्यांत माणसाच्या आवाजाहून पंख्याचा आवाजच अधिक असतो.

म्हणून पहिला विचार खोलीचा करावा. आपल्याकडील घरांत फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या, छताला पंखा आणि खिडकीखाली रस्ता. अशा खोलीत उच्चारलेला प्रत्येक शब्द मायक्रोफोनकडे एकदा सरळ जातो आणि भिंतींवर आपटून पुनःपुन्हा जातो, आणि हे दोन्ही एकमेकांत मिसळले की त्यांना निर्दोषपणे वेगळे करण्याचा उपाय अद्याप कोणाच्या हाती आलेला नाही. महागडा मायक्रोफोन आणल्याने ही अडचण मिटत नाही, किंबहुना तो अधिक संवेदनक्षम असल्यामुळे खोलीचे दोष अधिकच इमानाने टिपतो. गाद्या, पडदे, कपड्यांची उघडी कपाटे व पुस्तके असलेली खोली निवडावी. बोलणाऱ्याच्या पाठीमागे एखादी जाड गोधडी टांगावी. पंखा बंद ठेवावा. शेजारच्या घरातील मिक्सर व कुकर यांच्या वेळा टाळाव्यात. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला कललेला असावा, म्हणजे प, फ, ब, भ या ओष्ठ्य वर्णांबरोबर सुटणारा श्वासाचा झोत थेट त्यावर आदळत नाही. हे अंतर निम्मे केले की थेट येणारा ध्वनी सुमारे ६ डेसिबलांनी वाढतो, खोलीचा निनाद मात्र जवळजवळ होता तेवढाच राहतो. तेव्हा निव्वळ मायक्रोफोन पुढे सरकवून जे साधते ते मागाहून केलेल्या कोणत्याही संस्काराने साधत नाही. फार जवळ गेल्यास एकदिशा मायक्रोफोनवर खर्जाचा भाग अवास्तव फुगतो, एवढे भान राखावे. आणि वीतभराचा हा नियम वाचनाचा व बोलण्याचा आहे, तंबोऱ्यासह गाणे टिपावयाचे असल्यास मायक्रोफोन अधिक दूर हवा, कारण तेथे कंठ व तंबोरा यांचे मीलनच ऐकणाऱ्याला हवे असते.

यानंतरचा प्रश्न पातळीचा, आणि माझ्या मते घरगुती नोंदींचा सर्वाधिक नाश याच ठिकाणी होतो. संगणकाच्या मापनात शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते. ध्वनी तिच्या वर गेला की, शीग लावून भरलेल्या मापावरून हात फिरवताच वरचे धान्य खाली पडावे, तशी लहरींची शिखरे सपाट कापली जातात आणि त्या जागी एक कर्कश फाटलेपणा कायमचा राहतो. ख्यालगायनाची नोंद घेणारे पुष्कळ विद्यार्थी आलापाच्या आरंभी, मध्य षड्जावर स्वर मंदपणे लागलेला असताना, पातळी ठरवून मोकळे होतात, आणि अर्ध्या तासाने तार सप्तकात ताना सुरू झाल्या की नेमका गाण्याचा कळसच बिघडून जातो. कीर्तनातही हाच प्रकार: निरूपण संथ चालते, पण मध्येच टाळमृदंगांसह नामघोष उसळतो. म्हणून चाचणी घ्यावयाची ती सर्वांत मोठ्या आवाजातील भागाची घ्यावी, आणि त्या भागाची शिखरे उणे १२ डेसिबलांच्या आसपास राहतील अशी तजवीज करावी. नोंद २४ बिटांची असल्यास आवाज बारीक येण्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. दर बिटामागे सुमारे ६ डेसिबल या हिशेबाने १६ बिटांना सुमारे ९६ आणि २४ बिटांना तत्त्वतः १४४ डेसिबलांचा आवाका लाभतो, त्यामुळे हळू आलेला आवाज मागाहून वाढवणे सुकर असते. सॉफ्टवेअर अंतर्गत गणित ३२ बिटांत करते म्हणून नोंद फाटणारच नाही, असा युक्तिवाद काही जण करतात. परंतु ध्वनीचे अंकांत रूपांतर करणाऱ्या उपकरणातच जे कापले गेले, त्याची भरपाई त्यापुढच्या गणिताने होत नाही.

याच ओघात फोनांतील व संगणकांतील स्वयंचलित सुधारणांविषयी इशारा देणे भाग आहे. या व्यवस्था संभाषणासाठी रचलेल्या आहेत; बोलणारा थांबला की त्या आपण होऊन पातळी चढवतात, आणि मग प्रत्येक विरामात पंख्याची घरघर लाटेसारखी वर येते. गोंगाट गाळणारी योजना तर अखंड व स्थिर ध्वनीलाच गोंगाट मानते, आणि तंबोरा हा स्वभावतःच अखंड व स्थिर असल्यामुळे दूरस्थ शिकवणीत गुरूला शिष्येचा तंबोरा तुटक ऐकू येतो, हार्मोनियमचा लांबवलेला स्वर मध्येच विरतो, आणि दोघेही दोष इंटरनेटला देतात. संगीताच्या कामी या सर्व सुधारणा आधी बंद कराव्यात.

बिघाड शोधण्याची रीत मात्र कोणी शिकवीत नाही, आणि त्यामुळे अडचण आली की लोक एकाच वेळी दहा बदल करून बसतात व कोणत्या बदलाने काय घडले हे कळण्याचा मार्गच बंद करतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तिचा परिणाम ऐकावा आणि मग पुढे जावे. आवाज मुळीच येत नसेल, तर सॉफ्टवेअरमध्ये संगणकाच्या अंगच्या मायक्रोफोनऐवजी बाहेरचा मायक्रोफोन निवडला आहे काय, तो वापरण्याची परवानगी दिली आहे काय, आणि कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा सुरू आहे काय, याची क्रमाने खातरजमा करावी. सतत गुणगुण येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर नोंद घेऊन पाहावी. आपल्या वीजपुरवठ्याची आंदोलने दर सेकंदाला ५० असतात, आणि चार्जर काढताच ती खालची घूं थांबली तर दोष विजेच्या मार्गात, विशेषतः अर्थिंगमध्ये, शोधावयाचा हे निश्चित होते. मध्येमध्ये तडतड होत असेल किंवा शब्द गळत असतील, तर बफर, म्हणजे ध्वनी तात्पुरता साठवण्याची जागा, लहान पडत आहे असे समजावे. दर सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जात असताना २५६ नमुन्यांचा बफर संगणकाला जेमतेम ५ मिलिसेकंदांची उसंत देतो, १,०२४ नमुन्यांचा सुमारे २१ मिलिसेकंदांची, आणि एकट्याच्या वाचनाला एवढ्या विलंबाने काहीच बिघडत नाही. स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये मागून ऐकू येऊन बोलणे अडखळत असेल, तर सॉफ्टवेअरमधून परत ऐकण्याची सोय बंद करून उपकरणातूनच थेट ऐकावे. ब्लूटूथचे हेडफोन या कामास टाळावेत. त्यांत विलंब असतोच, शिवाय त्यांचाच मायक्रोफोन वापरला गेल्यास आवाजाचा दर्जा एकदम खालावतो.

एक बिघाड असा आहे की तो संगीताच्या जाणकाराला अस्वस्थ करतो आणि इतरांच्या लक्षातही येत नाही. ४४,१०० नमुन्यांच्या दराने घेतलेली नोंद ४८,००० ची समजून वाजवली गेली, तर गती व स्वर दोन्ही सुमारे ९ टक्क्यांनी चढतात. पांढरी एकमध्ये लावलेला षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध जाऊन बसतो, आणि संवादिनीवर त्याची पट्टी शोधणाऱ्याला ती कोठेच सापडत नाही. उपकरण, संगणकाची व्यवस्था आणि सॉफ्टवेअरमधील प्रकल्प या तिन्ही ठिकाणी एकच दर ठेवावा, हाच त्याचा बंदोबस्त. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी किमान ४८,००० चा दर आणि २४ बिटांची नोंद सुचविली आहे, आणि घरातही तोच दंडक पाळण्यास हरकत नाही. एका मायक्रोफोनवरील तासाभराच्या अशा नोंदीस सुमारे अर्धा गिगाबाइट जागा लागते, आणि आज ती कोणालाही परवडते.

आता दप्तराकडे वळतो, कारण या विषयातील माझी खरी कळकळ तेथे आहे. वि. का. राजवाडे यांच्यापासून आपल्या इतिहाससंशोधकांनी अस्सल कागद आणि नक्कल यांत कसोशीने भेद केला, नकलेची अस्सलाशी रुजवात घेण्यात आयुष्ये वेचली. आणि त्याच समाजात आज आजोबांच्या आवाजाची एकुलती एक नोंद व्हॉट्सअ‍ॅपवरून आवळून पाठवलेल्या स्वरूपात उरलेली असते, आणि मूळ नोंद फोन बदलताना नाहीशी झालेली असते, हे मला फार दुःखाचे वाटते. नोंद प्रथम वेव्ह स्वरूपातच साठवावी, तिला पुन्हा कधीही हात लावू नये, आणि छाटणी, सफाई जे काही करावयाचे ते नकलेवर करावे. एमपी३ हे धाडण्याचे स्वरूप आहे, जतनाचे नव्हे. ऑडॅसिटीच्या जुन्या आवृत्त्यांत प्रकल्पाची एक छोटी फाइल आणि प्रत्यक्ष ध्वनी साठवणारे स्वतंत्र फोल्डर अशी विभागणी असे, आणि केवळ ती छोटी फाइल जपून ठेवणाऱ्या अनेकांच्या हाती रिकामे कवच राहिले. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून सर्व काही एकाच फाइलीत राहू लागले, तरीही अस्सल वेव्ह निराळी काढून किमान दोन ठिकाणी ठेवणे इष्ट. नाव देताना ‘नवीन १’, ‘शेवटची’ असली नावे टाळून आधी वर्ष, महिना, दिवस, मग व्यक्ती, गाव आणि विषय असा क्रम ठेवावा. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे मुद्रणाच्या आरंभी ही माहिती मोठ्याने उच्चारावी, आणि त्यानंतर दहा सेकंद सर्वांनी स्तब्ध राहावे. गायिका गौहरजान आपल्या तबकड्यांच्या अखेरीस स्वतःचे नाव सांगे, ते हॅनोव्हरच्या कारागिरांना ओळख पटावी म्हणून, असे मानले जाते. शतकानंतरही त्या कंठाविषयी संदेह राहत नाही. फाइलीचे नाव बदलते, पण ध्वनीतच गोवलेले नाव सुटत नाही.

ती दहा सेकंदांची स्तब्धता गोंगाट कमी करताना उपयोगी पडते, कारण सॉफ्टवेअरला त्या खोलीचा निव्वळ गोंगाट कसा आहे हे तीमधून कळते. हा संस्कारही बेताने, ६ ते १२ डेसिबलांपर्यंतच, करावा. अधिक केल्यास आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि स, श, ष यांसारखे उष्म वर्ण, जे गोंगाटाशी साम्य राखतात, तेच प्रथम झिजतात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नवी साधने तर खराब नोंद शुद्ध करण्याच्या मिषाने आवाजाचा काही भाग स्वतः घडवून देतात. जाहिरातीच्या कामी ते चालेल. पण अहिराणी, मालवणी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या वृद्धेचा एखादा अनोळखी उच्चार त्या साधनाने आपल्या परिचयाच्या शब्दाकडे वळवला, तर भाषेच्या अभ्यासकास खोटा पुरावा मिळेल. अशा संस्कारित फाइलीवर ‘नक्कल’ अशी स्पष्ट नोंद असल्यावाचून ती कोणाकडेही जाऊ नये.

हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी खेडोपाडीच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे कार्य आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या द्वारे सर्वांना खुले आहे. पण प्रत्येक घरातील वृद्धेपर्यंत कोणी संशोधक पोचेल ही अपेक्षा अवास्तव आहे, घरच्यांनाच हे काम करावे लागेल. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली चालणाऱ्या आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांकडे या कामी माझे मागणे आहे: प्रत्येक तालुक्यातील ‘अ’ वर्गाच्या ग्रंथालयाने एक लहान खोली गाद्या व पडदे लावून शांत करावी, एक मायक्रोफोन, एक संगणक आणि ही रीत जाणणारा एक कर्मचारी तेथे नेमून द्यावा, आणि नागरिकाने नाममात्र शुल्क भरून आपल्या वडीलधाऱ्यांना तेथे आणावे. जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्यासाठी तोच संच, पुस्तकाप्रमाणे, आठवडाभर घरी नेण्यास मिळावा. मुद्रण संपताच अस्सल फाइल कुटुंबाच्या स्वाधीन करावी, कुटुंबाची लेखी संमती असल्यास तिची एक प्रत ग्रंथालयाने राखावी, आणि व्यक्ती, गाव, बोली, तारीख, नमुन्यांचा दर व बिटांची संख्या एवढा तपशील त्याच दिवशी नोंदवहीत चढवावा.