लिंबूटिंबू

गल्लीत लगोरीचा डाव रंगात आलेला असतो आणि कोणाचा तरी धाकटा भाऊ ‘मलाही घ्या’ म्हणून हट्ट धरून बसतो. नाही म्हणावे तर तो रडत घरी जाणार. खरोखर घ्यावे तर डाव बिघडणार. अशा वेळी आपल्याकडे एक जुना तोडगा आहे. त्याला ‘लिंबूटिंबू’ करावयाचे! तो धावतो, ओरडतो, टाळ्या पिटतो. पण बाद झाला तरी तो बाद नसतो आणि त्याच्यावर राज्य कधी येत नाही. चार वर्षांच्या मुलाला यातले इंगित कळत नाही, म्हणून तो खूष असतो. ज्या दिवशी कळते, त्या दिवशी मात्र तो कोणाला न सांगता डावातून उठून जातो.

मुलांनो, दीर्घ दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या मुलाला आपण मोठी माणसे असेच लिंबूटिंबू करून टाकतो, असे मला वाटते. आपण त्याला भेटावयास जातो ते मोसंबी घेऊन. त्याच्या डोक्यावरून हात फिरवितो आणि मग हलक्या आवाजात त्याच्या आईशी बोलत बसतो. त्याच्याशी कोणी भांडत नाही, त्याची चूक कोणी काढीत नाही, त्याला कोणी काम सांगत नाही. सगळे त्याला सांभाळून घेतात. हे प्रेमच असते, यात शंका नाही. परंतु आठ-दहा वर्षांच्या मुलाला त्या प्रेमातला फरक बरोबर कळतो.

कर्करोगासारख्या आजारात हा एकांत फार लांबतो. मुलांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचार बहुधा दोन वर्षांहून अधिक काळ चालतात. त्यासाठी दिली जाणारी औषधे रोगट पेशींचा नाश करतात. पण जाताजाता निरोगी पेशींनाही तडाखा देतात. केस गळतात. रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून शेजाऱ्याची साधी सर्दीदेखील धोक्याची ठरते. साहजिकच शाळा सुटते, मैदान सुटते आणि मित्रही हळूहळू सुटतात. मित्र वाईट असतात म्हणून नव्हे. त्यांना काय बोलावे ते सुचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना व कुमारांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरे होतात. गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. बरी होणारी मुले जसजशी वाढतात, तसतसा एक प्रश्न अधिकाधिक ठळक होत जातो. औषधोपचाराची ती दोन-तीन वर्षे मुलाने कोणाच्या संगतीत काढावयाची?

अमेरिकेत या प्रश्नाला एक उत्तर मिळाले, तेही एका खेळाच्या निमित्ताने. न्यूयॉर्क राज्यातील जॅकलिन मर्फी नावाच्या मुलीला २००४ साली मेंदूचा कर्करोग झाला. तिला लॅक्रोस हा खेळ अतिशय प्रिय होता. लांब दांड्याच्या टोकाला जाळी लावलेली असते. त्या जाळीत चेंडू झेलावयाचा, धावत न्यावयाचा आणि प्रतिपक्षाच्या गोलात मारावयाचा, असा हा खेळ उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांकडून चालत आलेला आहे. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मुलींच्या लॅक्रोस संघाला जॅकलिनची हकीकत कळली आणि त्यांनी तिला आपल्यात घेतले. ‘आपल्यात घेतले’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. त्यांनी तिला केवळ भेटवस्तू पाठवून निरोप दिला नाही. तिच्याशी मैत्रिणींसारख्या गप्पा केल्या, तिला सामन्यांना बोलाविले, आपली सुखदुःखे तिला सांगितली. त्या २००५ च्या हंगामात हा संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता ठरला. जॅकलिन आली म्हणून संघ जिंकला, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण असे म्हणणे त्या मुलींच्या घामावर अन्याय करणारे आहे. त्या जिंकल्या त्या सरावामुळे. जॅकलिनला मिळाले ते निराळेच काही होते, आणि तेच आपल्यासारख्या इतर आजारी मुलांनाही मिळावे, असे तिला वाटू लागले. तिच्या वडिलांनी त्यासाठी ‘फ्रेंड्स ऑफ जॅकलिन’ ही संस्था काढली. पुढे २०११ साली बोस्टनच्या परिसरात ‘टीम इम्पॅक्ट’ नावाची दुसरी संस्था याच कामासाठी निघाली.

या दुसऱ्या संस्थेची कार्यपद्धती मला विशेष आवडली. पाच ते सोळा वर्षे वयाच्या, गंभीर आजाराशी किंवा अपंगत्वाशी झगडणाऱ्या मुलाची गाठ घराजवळच्या एखाद्या महाविद्यालयाच्या संघाशी घालून देण्यात येते. नंतर एक छोटासा समारंभ होतो. नामांकित खेळाडू संघात येताना जसा करारावर सही करतो, तशीच सही हे मूल करते. त्याला संघाचा पोशाख मिळतो. मग मूल सरावाला येते, संघाबरोबर जेवते, सामन्याच्या वेळी संघाच्या बाकावर बसते. आणि ते रुग्णालयात असले, तर संघच त्याच्याकडे जातो. हा संबंध साधारण दोन वर्षांचा असतो.

यावर कोणी म्हणेल, ‘सही खोटी, पोशाख दिखाऊ, हाही लिंबूटिंबूच झाला की!’ हा आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाही. नेब्रास्का राज्यातील जॅक हॉफमनचेच उदाहरण घ्या. ६ एप्रिल २०१३ रोजी लिंकन येथील विद्यापीठाच्या मैदानावर फुटबॉलचा सरावसामना चालू होता आणि सुमारे ६० हजार लोक तो पाहत होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन धावतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. सात वर्षांच्या जॅकला मेंदूचा कर्करोग होता. संघाने त्याला मैदानात बोलाविले, चेंडू त्याच्या हाती दिला, आणि ते चिमुरडे पोर ६९ यार्ड, म्हणजे सुमारे ६३ मीटर, धावत जाऊन थेट अंतिम रेषेपलीकडे पोहोचले. दोन्ही बाजूंच्या खेळाडूंनी त्याला खांद्यावर घेतले. ते दृश्य जगभर गाजले. पण त्या दांडगट गड्यांपैकी एकानेही त्याला खरोखर अडविले नव्हते, हे उघड आहे. तो मिनिटभराचा खेळ लिंबूटिंबूचाच होता, हे मान्य केले पाहिजे.

परंतु त्या मिनिटभरामागे काय होते, ते पाहावे. रेक्स बर्कहेड हा त्या संघातील नावाजलेला खेळाडू. त्याची आणि जॅकची ओळख २०११ मध्येच झालेली होती आणि पुढे रेक्स व्यावसायिक खेळाडू झाला तरीही ती मैत्री टिकली. मुलांच्या मेंदूच्या कर्करोगावर संशोधन व्हावे म्हणून जॅकच्या नावाने निधी उभा राहिला. जॅक शाळा संपवून महाविद्यालयात गेला. जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याच आजाराने त्याचा अंत झाला.

मैत्री हे औषध नव्हे. कर्करोग शस्त्रक्रियेने, औषधांनी आणि किरणोपचाराने बरा होतो, आणि कधी होत नाही. म्हणूनच या योजनेवरचा सर्वांत कठीण आक्षेप मला वेगळाच वाटतो. विशीतल्या तरुणांच्या खांद्यावर मृत्यूची ओळख लादण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि चार वर्षांनी पदवी घेऊन हे खेळाडू चहूकडे पांगले, म्हणजे मागे राहिलेल्या मुलाने काय करावयाचे? याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. मुलाला मुदत आधी सांगितलेली असावी, निरोप नीट घेतला जावा, आणि खेळाडूंना होणाऱ्या दुःखात त्यांच्या पाठीशी वडीलधारे कोणी असावे, एवढे मात्र मी आग्रहाने म्हणेन. दुःख होईल म्हणून मैत्रीच करू नये, असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मात्र मी बसणार नाही.

संघात खरे काय घडते, ते सांगितले म्हणजे माझे मत का बनले ते कळेल. संघातला माणूस सरावाला आला नाही, तर ‘कुठे होतास?’ असे विचारतात. त्याची थट्टा करतात. हरल्यावर तोंडे पाडून बसतात, तेव्हा तोही त्या तोंडांत एक असतो. बाकावरचे मूल एकही चेंडू खेळत नसेल, परंतु पराभव त्याच्याही वाट्याला येतो. लिंबूटिंबूला पराभव कधी माहीत नसतो. सगळा फरक मला येथेच दिसतो.

आपल्याकडे महाविद्यालयांच्या सामन्यांना साठ हजारांची गर्दी लोटत नाही, हे खरे. पण वरच्या सगळ्या प्रकारात गर्दीचे काम तसे थोडेच होते. थट्टेला आणि विचारपूस करायला गर्दी लागत नाही.

गर्दीच्या हातून घडलेली एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाला लागूनच मुलांचे रुग्णालय आहे. ही नवी बारा मजली इमारत २०१७ साली सुरू झाली. वरच्या मजल्यावरील प्रशस्त खिडक्यांतून सारे मैदान खाली दिसते. त्याच वर्षी एका प्रेक्षक बाईंच्या सूचनेवरून तेथे नवा प्रघात पडला. सामन्याचा पहिला चतुर्थ भाग संपला की मैदानातील सुमारे ७० हजार माणसे उठून उभी राहतात, खेळाकडे पाठ करून त्या खिडक्यांकडे वळतात आणि हात हलवितात. यजमान संघाचे खेळाडू, दूरगावाहून आलेला प्रतिस्पर्धी संघ, पंच, सारेच वळतात. वर काचेला नाक लावून उभी असलेली मुले, कोणी सलाईनची नळी सांभाळीत, कोणी आईच्या कडेवरून, उलट हात हलवितात. हे सारे मिनिट-दीड मिनिट चालते. नंतर पंच शिटी वाजवितो आणि दुसरा भाग सुरू होतो.