'अमर्याद' या शब्दाची मर्यादा

खानावळीच्या दारावर 'भरपेट जेवण' अशी पाटी असावी आणि चौथी पोळी मागताच वाढप्याने पुढचे जेवण शीत-शीत वाढावयास घ्यावे, तर गिऱ्हाईक ताटावरून उठेल. मोबाईलच्या 'अनलिमिटेड' योजनांचे ग्राहक मात्र उठत नाहीत. उठून जावे अशी दुसरी खानावळ फारशी उरलेली नाही. बहुतेक योजनांत रोजचा ठराविक डेटा संपला, की वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. या वेगाने दहा मेगाबाइटची प्रश्नपत्रिका उतरवून घेण्यास वीस मिनिटे लागतात. सेवा बंद झालेली नाही, म्हणून ती अमर्याद, असा हा युक्तिवाद!

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. एका मनोऱ्याची क्षमता त्याच्या परिसरातील सर्वांत वाटली जाते आणि संध्याकाळी सारेच चित्रफिती पाहू लागले, की वाटा आखडतो. सरसकट एकच दर ठेवल्यास कमी वापरणारा जास्त वापरणाऱ्याचा भार उचलतो. शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक आकार लावण्याचे काय परिणाम झाले, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. तेव्हा वापरानुसार पायऱ्या असाव्यात, हे तत्त्व मान्य करता येईल. आक्षेप आहे तो पायऱ्यांना सपाट अंगण म्हणण्यास.

हा शब्दच्छल केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत 'एटी अँड टी'ने जून २०१० मध्ये नव्या ग्राहकांसाठी अमर्याद योजना बंद केली. जुन्या ग्राहकांची ती चालू ठेवली, पण ठराविक वापरानंतर त्यांचा वेग कमी केला. तेथील व्यापार आयोगाने २०१४ मध्ये कंपनीस न्यायालयात खेचले आणि २०१९ मध्ये सहा कोटी डॉलर देऊन कंपनीला तडजोड करावी लागली. वेग कमी करणे हा तेथे गुन्हा ठरला नव्हता. ग्राहकास पुरेसे न सांगता तसे केले, ही तक्रार होती.

भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत फुकट वाटप झाले. (त्या फुकटालाही रोजची मर्यादा होतीच.) पूर्वी एका जीबीला सुमारे अडीचशे रुपये मोजणाऱ्या मध्यमवर्गाला स्वस्ताई आली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु स्पर्धक विरळ झाल्यावर २०१९, २०२१ आणि २०२४ अशी दरवाढ होत गेली. जुलै २०२४ मध्ये जिओची रोज दीड जीबीची २३९ रुपयांची योजना २९९ रुपयांची झाली. तिची मुदत २८ दिवसांची. कारकुनाचा पगार वर्षातून बारा वेळा होतो. हे रिचार्ज तेरा वेळा करावे लागते. तेराव्या खेपेचे २९९ रुपये कोणत्याही जाहिरातीत दिसत नाहीत. किमान एक योजना तरी तीस दिवसांची असावी, असा आदेश दूरसंचार नियामक प्राधिकरणास २०२२ मध्ये काढावा लागला, यातच सारे आले.

त्याच जुलैत खरोखर अमर्याद असलेली ५जी सेवा रोज दोन जीबी व त्यावरील योजनांपुरती राखली गेली. ज्याच्यापाशी महागडा फोन आणि वरची योजना, त्याच्यापुरती मर्यादा उठली. उलट ज्या वृद्ध पेन्शनरला केवळ बोलावयाचे आहे, त्याच्या गळ्यात नको असलेला डेटा बांधला जात होता. डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने केवळ संभाषण व संदेश यांसाठी स्वतंत्र व्हाउचर सक्तीचे केले. पाऊल योग्य, पण उशिराचे.

सर्वांत अन्याय्य आहे ती मध्यरात्रीची कात्री. दीड जीबीतील एक जीबी उरला, तरी बाराच्या ठोक्याला तो बुडतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी विद्यार्थ्याला अधिक लागते, सुट्टीत कमी. पण पैसे भरलेली शिल्लक त्याच्या कामी येत नाही. आठवड्याची शिल्लक शनिवार-रविवारी वापरू देण्याची सवलत एका कंपनीने काही योजनांत दिली आहे. म्हणजे यंत्राची अडचण नाही. प्राधिकरणाने ही सवलत किमान सर्वांत खालच्या योजनांना लागू करावी, आणि पाटीवर 'अनलिमिटेड' लिहावयाचे तर त्याच आकाराच्या अक्षरांत '६४ किलोबिट' हेही लिहावयास लावावे.